ड्रमर बोटीवर, ठेका लॅपटॉपवर: मुंबईतल्या एका बँडचं प्रकरण

चारजणांचा बँड, दोन तऱ्हेच्या सुपाऱ्या आणि ऐन हंगामात ड्रमर गेलेला. या अडचणीतून वाट काढताना आम्ही कॉम्प्युटरवर तयार केलेला ड्रम्सचा ठेका लाइव्ह कार्यक्रमांत वापरला. तो कुठे उत्तम चालला, कुठे अजिबात चालला नाही आणि शेवटी काय ठरलं, हे सविस्तर लिहितो आहे. मुंबईतले अनेक छोटे बँड आज याच जागी उभे आहेत आणि मशीन वापरावं की नाही एवढ्यावरच त्यांची चर्चा अडकते. माझ्या अनुभवात महत्त्वाचे प्रश्न दोन: मशीन कुठल्या कामाला, आणि ते कुणाच्या हातात.

बँड आणि त्याची कामं

मी कीबोर्ड वाजवतो, राहतो दादरला. बेसवाला गिरगावचा, इलेक्ट्रिक आणि उभा असे दोन्ही बेस वाजवणारा. सॅक्सोफोन वाजवणारे अंकल वसईचे. चर्चच्या क्वायरपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सगळीकडे वाजवून आलेले, आणि बँडमधला शेवटचा शब्द त्यांचा. ड्रमर मालाडचा.

गुरुवारी संध्याकाळी दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही जॅझ वाजवतो. पंधरा-वीस टेबलं, त्यातली निम्मी गप्पांत रमलेली, उरलेली कान देऊन ऐकणारी. शनिवार-रविवारी वांद्रे, उत्तन, वसई या पट्ट्यात लग्नाच्या रिसेप्शन. तिथे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह, चा-चा-चा या जोडीने नाचायच्या बॉलरूम नाचांची गाणी, आणि जेवणं उरकली की कोळीगीतं आणि हिंदी-कोंकणी मसाला. कॅथलिक लग्नं ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि नाताळआधीच्या आगमनकाळात सहसा लावत नाहीत, त्यामुळे नाताळनंतरच्या आठवड्यांत तारखांची नुसती झुंबड उडते.

पावसाळा संपता संपता ड्रमरला क्रूझ बोटीवरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. घरचं कर्ज फिटणार होतं, त्यामुळे कुणी अडवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच सुमारास रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यांवरून आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि मालकांनी स्पष्ट सांगितलं की यापुढे तिघंच या, ड्रम किट नको. त्यांची बाजू खोटी नव्हती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यावसायिक भागासाठी ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे, आणि रात्र मोजली जाते १० ते ६. पूर्ण ड्रम किट काठ्यांनी वाजवलं तर जवळ उभ्या माणसाच्या कानावर १०० डेसिबल सहज पडतात. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हे किती काळ खपणार?

जॅझ आणि आवाजाचे नियम यांची गाठ या शहरात आधीही पडली आहे. १९७८ मध्ये सुरू झालेला जॅझ यात्रा हा महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात भरत असे. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि ते खुलं प्रेक्षागृह संगीताच्या कार्यक्रमांना बंद झालं. ज्यांनी तिथे रात्र-रात्र ऐकलं आहे त्यांना ती जागा जाण्याचं दुःख अजून आहे.

बदली ड्रमर शोधले. जे चांगले होते त्यांच्या डायऱ्या भरलेल्या होत्या. आणि मुंबईत ड्रमरचा अर्धा जीव सामान नेण्यात जातो. गर्दीच्या वेळी विरार लोकलमध्ये किट चढवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक सुपारीला टेम्पो किंवा मोठी गाडी. तो खर्च धरून कुणी दादरहून वसईला यायला तयार होईना.

उरला लॅपटॉप.

जुळणी

बॅकिंग ड्रम्सचे, म्हणजे बँडमागे वाजणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या ड्रम्सचे, ढोबळमानाने दोन प्रकार आहेत आणि लाइव्ह वाजवणाऱ्याने त्यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. पहिला प्रकार तयार ट्रॅकचा. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरलेलं, एकदा सुरू केलं की कराओकेसारखं आपल्या वाटेने जाणार. दुसऱ्यात गाण्याचे तुकडे असतात: सुरुवात, पहिला भाग, दुसरा भाग, फिल (दोन भागांना जोडणारा छोटा भरणा), शेवट. प्रत्येक तुकडा हवा तितका वेळ फिरत राहतो आणि वादक खूण करेल तेव्हा पुढे सरकतो. रिसेप्शनमध्ये केक कापायला उशीर होतो, नवऱ्याचे मामा माइक हातात घेतात, एखादी जोडी रंगात आलेली असते. तयार ट्रॅक तिथे पहिल्या तासातच उघडा पडतो. आम्ही दुसरा प्रकार घेतला.

आवाज खऱ्या ड्रम्सच्या रेकॉर्डिंगचे निवडले. असे नमुने आता सहज मिळतात. मात्र बहुतेकांवर स्टुडिओतला घुमारा आधीच चढवलेला असतो आणि हॉलचा स्वतःचा घुमारा त्यात मिसळला की सगळं चिखल होतं. म्हणून हा घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, पूर्ण काढून टाकला आणि दोन बाजूंच्या स्टिरिओचा एकच आवाज, मोनो, केला.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते स्पीकरच्या जागेने. हॉलचा साउंडवाला ड्रम्स मुख्य स्पीकरांतूनच सोडायला बघतो. ते स्पीकर बँडपासून दूर, तोंडं प्रेक्षकांकडे. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. बारा मीटरवरून परत येणारा ठेका आपल्यापर्यंत ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि मग बेसवाला त्याच्यामागे, मी बेसवाल्यामागे, असं करत सगळा बँड ओढला जातो. यावर उपाय म्हणजे ड्रम्ससाठी वेगळा स्पीकर घेऊन तो बेसवाल्याच्या मागे, जिथे ड्रमर बसला असता तिथेच, कमरेच्या उंचीवर ठेवायचा. मुख्य स्पीकरांत फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि थोडा स्नेअर (समोरचा करकरीत आवाजाचा ड्रम). हा बदल केल्यावर बेसवाला पहिल्यांदाच म्हणाला, "आता कुणीतरी मागे बसल्यासारखं वाटतंय."

ब्लूटूथ स्पीकर या कामाला वापरू नये. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज येतो. १७२ च्या लयीतल्या जाइव्हची एक मात्रा ३४९ मिलिसेकंदांची असते, म्हणजे पेडल दाबल्यावर आवाज यायला अर्धी मात्रा उलटून गेलेली. वायरने जोडलेल्या साउंड कार्डवर १२८ सॅम्पलचा बफर (आवाज बाहेर सोडण्याआधीचा छोटा साठा) ठेवला तर त्याचा उशीर ३ मिलिसेकंदांच्या आसपास राहतो आणि तो जाणवत नाही.

बाकीची खबरदारी थोडक्यात: लॅपटॉपचं वाय-फाय आणि अपडेट बंद. चार्जर लावल्यावर गुणगुण येत असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे ती गुणगुण तोडणारी छोटी पेटी. लॉनवर जनरेटरची बदलाबदली होते तेव्हा साउंड कार्ड बंद पडू नये म्हणून छोटा यूपीएस. आणि प्रत्येक नाचासाठी एक साधा लूप, म्हणजे सतत फिरत राहणारा ठेक्याचा तुकडा, फोनमध्येही.

डान्स फ्लोअर

नाचाच्या कामात हा ठेका मनापासून आवडला. कारण सरळ आहे. नाचणाऱ्याला पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकच लय हवी असते आणि बॉलरूममध्ये ती लय बऱ्याच अंशी ठरलेली आहे. स्पर्धांच्या मापाने वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० मात्रा, फॉक्सट्रॉट ११२ ते १२०, चा-चा-चा १२० ते १२८, जाइव्ह १६८ ते १७६, क्विकस्टेप २०० ते २०८. लग्नात आलेले काका-मावशी स्पर्धक नसतात, त्यांना जाइव्ह १५० च्या आसपासच झेपतो. पण जी लय धरली ती सुटता कामा नये. चांगले ड्रमरसुद्धा रिसेप्शनच्या तिसऱ्या तासाला जेवणाच्या वासाने आणि गर्दीच्या उत्साहाने पुढे पळतात. मशीन पळत नाही. वसईच्या एका आजी-आजोबांनी अख्खा वॉल्ट्झ नाचून झाल्यावर अंकलना येऊन सांगितलं की आज पायाला पाय लागला नाही.

तरीही सुरुवातीला एक गोष्ट खटकत होती. मशीनचं पेडल माझ्या पायाशी होतं. उजवा पाय कीबोर्डचे सूर लांबवणाऱ्या पेडलवर, डावा मशीनच्या पेडलवर, दोन्ही हात पट्ट्यांवर आणि डोळे अंकलच्या भुवयांवर, कारण पुढच्या भागाला जायची खूण ते भुवईने करतात. वादन चुकत नव्हतं, पण ते हिशेबी झालं होतं. तुकडा बदलायची खूण एक बार (मात्रांचा एक गट) आधी द्यावी लागते. मला सतत पुढच्या बारात जगावं लागत होतं आणि हातातल्या बारात काय वाजतंय याची मजा घेता येत नव्हती.

यातून सुटका झाली ती कोळीगीतांमुळे. आमच्या ठेक्यांच्या लायब्ररीत बोसा नोव्हा होता, साम्बा होता, तऱ्हेतऱ्हेचे स्विंग होते. पण आपल्या कोळीगीताचा झुलता ठेका त्यात नव्हता, आणि जवळपासचा म्हणून जो सहा-आठचा लूप मिळाला त्यावर वसईतलं एकही पाऊल उचलेना. म्हणून त्या तासाभरासाठी लालबागचा एक मुलगा बोलावला. मराठी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे आठ इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवणारा, गणपतीत बेंजो पार्टीबरोबर फिरणारा, वय जेमतेम बावीस-तेवीस. जॅझ त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

तो लवकर येऊन बसला होता. दुसऱ्या सेटमध्ये माझी पायांची कसरत बघून म्हणाला, "दादा, हे सगळं माझ्याकडे द्या ना. तुम्ही नुसतं वाजवा." ऑक्टोपॅडची यूएसबी वायर लॅपटॉपला लावली. आठ पॅडपैकी खालच्या रांगेतले तीन त्याने मशीनला दिले: फिल, पुढचा भाग, शेवट. वरच्या रांगेत आणि उरलेल्या एका पॅडवर स्वतःचे जिवंत आवाज ठेवले. रिमशॉट, काउबेल, कोंगा, टाळी आणि ढोलकी.

पुढच्या चा-चा-चामध्ये जे झालं ते मला अजून स्वच्छ आठवतं. लूप चालू होता आणि तो त्यावर काउबेल वाजवत होता, पण बघत होता फ्लोअरकडे. नवरीच्या करवल्या रांग धरून नाचत होत्या आणि रांग भिंतीपाशी पोहोचून वळायच्या बेतात होती. रांग वळली त्याच बारात फिल आला. पुढच्या वळणाला पुन्हा. तिसऱ्या वळणाला त्याने लूपमधला किक दोन बार काढून टाकला, नुसती काउबेल आणि टाळी ठेवली आणि किक परत आणला तेव्हा अख्ख्या फ्लोअरने आरोळी दिली. अंकलनी सॅक्स तोंडातून काढून त्याच्याकडे पाहिलं. "पोरा, पुढच्या शनिवारी मोकळा आहेस का?"

मशीन तेच, लूप तेच, स्पीकर तिथेच. फरक इतकाच पडला की ते तालाच्या माणसाच्या हातात गेलं. कीबोर्डवाला किंवा गायक मशीन चालवतो तेव्हा तो गाण्याचे भाग मोजतो. तालवाला समोरच्या पावलांत काय चाललंय ते बघतो. बॅकिंग ड्रम्समुळे तालवाल्याची गरज संपते हा समज मला या एका चा-चा-चाने कायमचा चुकीचा ठरवून दाखवला. गरज तशीच राहिली, काठ्यांबरोबर त्याच्या हाताखाली आणखी तीन पॅड आले.

गुरुवार

रेस्टॉरंटमध्ये मात्र मशीन बसेना, आणि प्रयत्न कमी पडले असंही नाही.

पहिली अडचण स्विंगची. आपल्या भाषेत सांगायचं तर स्विंग म्हणजे चतुस्र चालीत तिस्राचा झोल, मात्रेचे दोन तुकडे करताना पहिला लांब, दुसरा आखूड. १२० च्या लयीत दोनास एक हे प्रमाण गोड लागतं. मशीनमध्ये ते टक्क्यांत भरता येतं, ६६ टक्के. पण लय वाढली की खरे ड्रमर हे प्रमाण बदलतात. त्यांचा आखूड तुकडा साधारण १०० मिलिसेकंदांच्या खाली फारसा जात नाही. २४० च्या लयीत मात्राच २५० मिलिसेकंदांची, म्हणजे लांब तुकडा दीडशेचा उरतो आणि प्रमाण ६० टक्क्यांवर येतं. ३०० ला ते जवळजवळ सरळ होतं. मशीनवर सगळीकडे ६६ ठेवलं तर जलद गाणं टापा टाकत पळतं. गाणं बघून टक्के बसवले आणि ही अडचण पुष्कळशी सुटली. कुणाला हे करायचं असेल तर मेहनत वाया जात नाही.

दुसरी अडचण टक्क्यांनी सुटणारी नव्हती. एका गुरुवारी संथ गाणं चाललं होतं, लय ६० च्या आसपास, ब्रशचा, म्हणजे काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेल्या ड्रमचा, लूप फिरत होता. अंकल दुसऱ्या आवर्तनात शिरले आणि चार-पाच सुरांनंतर त्यांनी दुप्पट चालीचा इशारा दिला. म्हणजे गाणं तसंच संथ, पण वरचे सूर दुगुनीत. बेसवाल्याने ओळखलं आणि तोही दुप्पट चालायला लागला. ड्रमर असता तर अर्ध्या बारात हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दुगुनीत गेलेली असती. तालवाले पहिल्या तीन सुरांतच हे पकडतात. ब्रश मात्र आपले संथ फिरत राहिले. दुप्पट चालीचा तुकडा मशीनमध्ये होता, पण तो पुढच्या बारापासून सुरू होणार, आणि मुळात एवढ्याशा इशाऱ्यावर अख्खा तुकडा बदलावा का, हा निर्णय घेईपर्यंत वेळ निघून गेलेली. चार बार अंकल वाट बघत राहिले आणि मग दुगुन सोडून मूळ चालीवर परतले. टाळ्या पडल्या. पण त्या आवर्तनात ते जिथे निघाले होते तिथे पोहोचले नाहीत, आणि ते आम्हा तिघांना कळत होतं.

चार-चार बारांचे सवाल-जवाब आम्ही गाळूनच टाकले होते. मशीन चार बार भरून देतं, उत्तर देत नाही. हळू वाजवण्याचंही तसंच. सॅक्स कुजबुजीवर आला की ड्रमर आपोआप खाली येतो. आम्हाला आवाजाची पट्टी खाली ओढावी लागायची, आणि मोठ्याने मारलेल्या सिंबलचा आवाज कमी केला म्हणून तो हळू मारल्यासारखा ऐकू येत नाही. तो दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो.

नेहमी कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे एक वयस्कर पारशी गृहस्थ बिल देऊन निघताना म्हणाले, "वाजवता चांगलं. पण तुम्ही तिघं एकमेकांकडे बघायचे, आता लॅपटॉपकडे बघता." त्यावर आम्हा कुणाकडे उत्तर नव्हतं.

आपल्या संगीतात हा फरक फार पूर्वीच सगळ्यांना मान्य झालेला आहे. १९७९ मध्ये राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तालमाला हा इलेक्ट्रॉनिक तबला आला. आज दादर-ठाण्यात गाणं शिकणाऱ्या कितीतरी घरांत रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला असतो आणि त्याने रियाज सुधारतो यात शंका नाही. पण दादर-माटुंगा कल्चरल सेंटरच्या मैफलीला कुणी तो स्वरमंचावर आणत नाही. गायकाने समेला हुलकावणी दिली तर तबलजीने ओळखून हसायला हवं, हे श्रोत्यांनाही ठाऊक असतं. जॅझमध्ये ड्रमरचं काम नेमकं हेच आहे.

इतिहास असा की मुंबईत जॅझ आणि नाच ही एकाच बँडची कामं होती. १९३५ मध्ये अमेरिकन वादक लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तिथे वाजवू लागले आणि चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक त्या परंपरेत घडले. बॉलरूममध्ये लोक त्यांच्या जॅझवर नाचत होते. ताल यंत्राकडे देण्याची कल्पनाही इथे नवी नाही. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ (ड्रम्सचं) आणि टीबी-३०३ (बेसचं) या यंत्रांवर रागांची ध्वनिमुद्रिका केली. ती आज जगभर ऐकली जाते. तिथे यंत्राचा न हलणारा ठेका हाच संगीताचा भाग होता, तो कुणाच्या जागी बसवलेला नव्हता. नाचणाऱ्या श्रोत्याला ठाम लय हवी असते आणि टेबलावर बसून ऐकणाऱ्याला वादकांमधला संवाद हवा असतो. एकच बँड दोन्ही कामं करतो म्हणून एकच उपाय दोन्हीकडे लागू पडेल, असं होत नाही.

काय ठरलं

गुरुवारी लॅपटॉप बंद केला आणि तिघांनीच वाजवायला लागलो. ड्रम्सशिवायचं जॅझ म्हणजे तडजोड, असं मानायचं कारण नाही. नॅट किंग कोल यांचं गाजलेलं त्रिकूट पियानो, गिटार आणि बेसचं होतं. पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांनी १९५३ ते १९५८ या काळात हर्ब एलिस यांची गिटार आणि रे ब्राउन यांचा बेस एवढ्यावर जे स्विंग वाजवलं ते ऐकून ड्रमरची आठवणही होत नाही. आम्ही त्या तोडीचे नाही, पण वाट त्यांचीच धरली. माझ्या डाव्या हाताचं काम बदललं. बेसची चाल जिथे चालू आहे तिथून हात काढून घेतला आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला आखूड, कोरडे कॉर्ड द्यायला लागलो. बेसवाल्यावरचा भार वाढला, आणि तोच सर्वांत खूश होता. मशीनशी वाद घालता येत नाही, ही त्याची पहिल्यापासूनची तक्रार होती. ड्रमरशी रोज घालायचा.

लालबागचा मुलगा एका गुरुवारी नुसता ऐकायला आला, मग वारंवार यायला लागला. अंकलनी त्याला वसईच्या घरी बोलावून जुन्या स्नेअरवर ब्रश कसे फिरवायचे ते दाखवलं. डावा हात गोल फिरवत ठेवायचा, उजव्याने राइडची (एरवी मोठ्या झांजेवर वाजणारी) चाल धरायची, डावा कधी उचलायचा नाही. त्याच्या हातात ढोलकीचा घिस्सा होताच, त्यामुळे घासून आवाज काढणं त्याला परकं नव्हतं. काही आठवड्यांनी आम्ही मालकांना विनंती केली: एक स्नेअर, एक हाय-हॅट, ब्रश, बस. त्यांनी दुपारी येऊन वाजवून दाखवायला सांगितलं. फोनवरच्या मीटरने दाराशी आवाज मोजला तेव्हा ब्रशचा आकडा आमच्या आधीच्या ड्रम्सच्या स्पीकरपेक्षा कमी भरला. यात नवल नाही. स्पीकरवरचा लूप सुरांतून वर ऐकू यावा म्हणून नेहमी थोडा मोठा ठेवावा लागतो, ब्रशवाला माणूस सुरांच्या खाली बसून वाजवतो. तक्रार मुळात मोठ्या किटच्या दणक्याची होती, माणसाची नव्हती. शिवाय हे सामान एका खांद्यावरच्या पिशवीत मावतं आणि लालबागहून बसनेही आणता येतं.

पैशांचं बोलणं अवघड होतं, पण अंकलनी ते टाळू दिलं नाही. त्यांचे वडील सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आल्यावर साठ-सत्तर वादकांची रेकॉर्डिंग कशी आटत गेली हे त्यांनी घरात बसून पाहिलेलं. मशीन आणलं त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं की ड्रमरची नाईट, म्हणजे कार्यक्रमाचं मानधन, आता कुणाच्या खिशात जाणार? तेव्हापासून हिशेब असा: डान्सच्या सुपारीत चौथा वाटा तालवाल्याचाच, तो पॅडवर असो की किटवर. लॅपटॉप, स्पीकर आणि यूपीएस यांच्या देखभालीसाठी आधी एक ठरावीक रक्कम बाजूला निघते, मग चार सारखे वाटे. यजमानांना बोलणी करतानाच सांगतो की काही गाण्यांना ड्रम्सचा काही भाग कॉम्प्युटरवर असेल. आतापर्यंत एकानेही नकार दिला नाही. दोन-तीन ठिकाणी मात्र तारीख ठरवताना विचारणा झाली की तो ऑक्टोपॅडवाला मुलगा येणार ना. रेस्टॉरंटमध्ये मालक तिघांचेच पैसे देतात, त्यामुळे तिथे रक्कम चौघांत वाटली जाते. आम्हा तिघांचं त्यात थोडं नुकसान आहे आणि ते सोसायचं असं आम्ही एकमताने ठरवलं आहे.

ड्रमर वसंत ऋतूत बोटीवरून परतला. तिथे रोजच्या शोमध्ये कानात क्लिक (लय मोजणारी टिकटिक) घालून ट्रॅकबरोबर वाजवून त्याचा हात इतका बसला आहे की लूपवर वाजवायला त्याची ना नाही. ईस्टरनंतरच्या लग्नांत तो किटवर आणि मुलगा पॅडवर, असं जमतंय. जाइव्ह आणि क्विकस्टेपला लूपमधले किक-स्नेअर काढून फक्त शेकर आणि टाळी ठेवली आहे, बाकी सगळं किटवर. चा-चा-चाचा लूप पूर्वीसारखाच, फिलचा पॅड मुलाकडे. नवरा-नवरीच्या पहिल्या वॉल्ट्झला लॅपटॉप लावायचा नाही, हा अंकलचा हट्ट आहे आणि तो मला पटतो. नवखी जोडी चार पावलांनंतर गोंधळते, थांबते, पुन्हा सुरू करते, आणि त्या वेळी बँडनेही थांबून त्यांच्याबरोबर पुन्हा सुरू करायचं असतं. सध्या मुलगा आणि ड्रमर मिळून कोळीगीताचा ठेका स्वतः रेकॉर्ड करताहेत, ढोलकी आणि किट एकत्र, सहा वेगवेगळ्या लयींत. तो तयार झाला की पुढच्या हंगामात वसईला आधी छोट्या घरगुती कार्यक्रमात वाजवून बघायचा आहे.